बॉल कुणाचा?

आमच्या ताईंना रस्ता विचारू नये, हे विश्रांतवाडीत नव्यानं येणाऱ्याला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. त्या रस्ता अगदी बरोबर सांगतात. पण सांगताना उजवा हात लांब करून बोट दाखवतात, आणि ते बोट मधल्या पेरापासून डावीकडे वळलेलं आहे. कुठल्याशा सामन्यात समोरच्या बाईनं मारलेला बॉल अडवताना ते मोडलं, टीमबरोबरच्या डॉक्टरनं पट्टी गुंडाळून त्यांना पुन्हा कोर्टवर पाठवलं, आणि बोट तसंच वाकडं जुळलं. त्यामुळे तोंडानं ‘सरळ जा’ आणि बोटानं ‘डावीकडे वळा’ अशा दोन सूचना एकदम मिळतात. माणसं तोंडापेक्षा बोटावर जास्त विश्वास ठेवतात. मीही ठेवला होता. वडिलांबरोबर बॅगा ओढत मी ताईंच्या इमारतीचा पत्ता नेमका ताईंनाच विचारला, त्यांनी तो मनापासून दाखवला, आणि आम्ही बापलेक डाव्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन पोहोचलो.

परत आलो तेव्हा त्या फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गिरणीत गेला होता ना, असं त्यांनी विचारलं, आणि सगळेच जातात, गिरणीवाला आता सवयीनं परत पाठवतो, असं स्वतःच सांगितलं. मग त्यांनी आमच्या बॅगांकडे पाहिलं. गिरणीपासून परत येताना घेतलेल्या रिक्षाचा ड्रायव्हर वॉचमनकडे बघत होता, वॉचमन त्याच्याकडे, आणि कमरेचं दुखणं असलेले माझे वडील दोघांकडे आशेनं. ताई एकदम “माझा!” असं ओरडल्या आणि दोन्ही बॅगा उचलून जिन्याला लागल्या. त्या ओरडण्यानं वडील जागच्या जागी दचकले. आमच्या यवतमाळकडे एवढी उंच बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

“नीट राहाय वं,” ते मला हळूच म्हणाले. “हे बाई तुले एका हातानं उचलीन.”

तर या ताई म्हणजे माझ्या घरमालकीण. आळंदी रस्त्यापासून जरा आत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. त्यात एका खोलीत त्या, आणि उरलेल्या घरात खराडीला नोकरी करणाऱ्या आम्ही मुली. तरुणपणी त्या एका सरकारी खात्याच्या टीममधून व्हॉलीबॉल खेळत. खात्यानं त्यांना घेतलंच होतं खेळायला. आधी खेळायचा पगार मिळाला, गुडघे कुरकुरायला लागल्यावर टेबलाशी बसायचा. मूळच्या कराडकडच्या. लग्न केलेलं नाही. का केलं नाही असं आमच्यातल्या एका आगाऊ मुलीनं विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं. त्यांच्या उंचीचा नवरा तालुक्यात नव्हता, आणि तालुक्याबाहेर आई पाठवत नव्हती, फक्त टीम पाठवायची.

त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षा होती. मेथीची एक जुडी आणायला गेलेली मी तासाभरानं परतायची. केळीवाला हाक मारायचा, चपलांचा दुकानदार खाली उतरायचा, चौकातला वाहतूक हवालदार शिट्टी तोंडात ठेवून सलाम ठोकायचा. बसचे ड्रायव्हर त्यांच्यासाठी थांबा नसताना बस थांबवत, आणि आतले पुणेकर, जे एरवी अशा वेळी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात, ते चक्क सरकून जागा देत. गंमत म्हणजे यातल्या एकानंही त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. केळीवाला त्यांना कबड्डीपटू समजत होता. चपलवाल्याच्या मते त्या भाला फेकायच्या. कोपऱ्यावरच्या स्टँडचा एक रिक्षावाला मात्र नव्या गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा, की ताईंनी एकदा उडी मारली आणि त्या नेटच्या पलीकडेच जाऊन पडल्या. असं झालं असतं तर तो फाउल ठरला असता, हे त्याला कोण सांगणार. मी ताईंना म्हटलं, की निदान केळीवाल्याला तरी दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, “कशाला? केळी चांगली देतो की.”

सत्कार तर इतके व्हायचे की आमच्या घरात शालींना कपाट पुरत नव्हतं. कुठल्या मंडळाचा वर्धापनदिन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर मुलांच्या स्पर्धा असोत, पहिला फोन ताईंना. त्या जायच्या, शाल घ्यायच्या, आणि भाषण करायची वेळ आली की माइक बाजूला करून नेटकडे जायच्या. नेट ढिलं बांधलंय असं त्यांना नेहमीच वाटायचं आणि बहुतेक वेळा ते खरंच ढिलं असायचं. प्रमुख पाहुण्या शालीसकट खांबाशी गाठ मारत आहेत आणि व्यासपीठावर बाकीचे पाहुणे चहा पीत आहेत, असे फोटो मी स्वतः काढलेत. घरी आल्यावर शालींचे पडदे, इस्त्रीची घडी, फ्रिजवरचं आच्छादन असं काहीही व्हायचं. आणि सत्काराचे नारळ आम्हाला खावे लागायचे. गणपतीनंतरचे पंधरा दिवस डब्यात खोबऱ्याच्या चटणीशिवाय काही नसायचं, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी विचारायची, की तू कोकणातली आहेस का?

घरात त्यांचे नियम चालत. व्हॉलीबॉलमध्ये समोरच्या टीमकडून सर्व्हिस आपल्याकडे आली, की सगळ्या खेळाडू घड्याळाच्या काट्यासारख्या एकेक जागा पुढे सरकतात. ताईंनी हे आमच्या कॉटांना लावलं होतं. घरात काही चांगलं घडलं, कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या भावाला नोकरी लागली, की त्या दारात उभ्या राहून “फिरा” म्हणायच्या, आणि आम्ही उशा-पांघरुणं काखेत मारून एकेक कॉट पुढे. दाराजवळची कॉट सगळ्यांत वाईट, कारण येणारीजाणारी प्रत्येकजण तिच्यावर पर्स टाकायची. खिडकीजवळची सगळ्यांत चांगली. तिथून गुलमोहर दिसायचा आणि वारा यायचा. परिणाम असा झाला की जिच्याकडे खिडकी असेल ती आपली आनंदाची बातमी दडवून ठेवायची. मी नोकरीत कायम झाल्याचं पत्र आठवडाभर उशीखाली ठेवलं होतं. शेवटी आईनंच फोनवर घोळ केला. ताईंना बातमी कळली, आणि मी दाराशी आले.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे तो शब्द. माझा. खेळताना उंच आलेला बॉल जिला घ्यायचा आहे तिनं तसं ओरडायचं असतं, म्हणजे बाकीच्या बाजूला होतात. ताईंची कोर्टवरची ही सवय सुटलीच नाही. स्वयंपाकघरात दूध वर यायला लागलं, की आंघोळीला गेलेल्या ताई तिथून “माझा!” ओरडायच्या. जिन्यात दिवा गेला, तळमजल्यावरच्या आजोबांना चक्कर आली, कुणाचा पाळीव पोपट पळाला, तरी तेच. आणि ओरडलं की त्या खरोखर जायच्या.

एकदा आळंदी रस्त्यावर कुठल्याशा गाडीतून तेल सांडलं होतं आणि दुचाक्या घसरत होत्या. पडलेल्यांना उठवायला माणसं धावत होती, काहीजण मोबाइलवर चित्रीकरण करत होते, कुणी महापालिकेला शिव्या देत होतं, आणि मागून गाड्या येतच होत्या. ताईंनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली, माझा म्हणाल्या, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या, नेटवर बॉल अडवायला राहतात तशा. एक भरलेला टँकर करकचून थांबला. मग त्यांनी त्याच टँकरच्या ड्रायव्हरला खाली उतरवून बाजूच्या बांधकामावरची वाळू आणायला लावली. तो नंतर कितीतरी महिने जाता-येता हॉर्न वाजवून त्यांना नमस्कार करायचा. त्यांच्या लोकप्रियतेचं मूळ मला तिथे कळलं. खेळाचा त्यात भाग होता तो एवढाच, माझा म्हणून धावण्यापुरता.

रविवारी सकाळी त्या वस्तीतल्या बायकांना मोकळ्या प्लॉटवर खेळायला शिकवायच्या. मी बुटकी, चष्मा लावणारी, खेळाचा तास बुडवून ग्रंथालयात बसलेली. तरी मला ओढून नेलंच. माझी आणि तळमजल्यावरच्या वहिनींची जागा शेजारी. एक साधा, हळू, लाडात वाढल्यासारखा बॉल आमच्या दोघींच्या बरोबर मधे आला. मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे, आणि बॉल आमच्या पायांशी पडून दोनदा उसळला. ताईंनी शिट्टी वाजवली. मला वाटलं आता रागावणार. पण त्या अगदी शांतपणे आम्हाला समजावू लागल्या. बॉल वाईट खेळाडूंमुळे पडत नाही, म्हणाल्या, दोन चांगल्या खेळाडूंच्या मधे पडतो. दोघींनाही वाटतं, ती आहे ना.

वहिनींनी विचारलं, मग मी ‘तुझा’ म्हणून ओरडू का, म्हणजे हिला कळेल? ताईंचा चेहरा कडू काढा प्याल्यासारखा झाला. “हा शब्द माझ्या कोर्टवर नाही,” त्या म्हणाल्या. “सगळे तुझा-तुझा करत बसतात आणि बॉल जमिनीवर. दोनच शब्द. घ्यायचा असेल तर माझा. बाहेर चालला असेल तर सोड.”

मात्र ‘सोड’ हा शब्द त्यांच्या स्वतःच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या हिशोबी कुठलाच बॉल बाहेर जात नव्हता.

गुडघे मात्र गेले. इतकी वर्षं सिमेंटच्या कोर्टांवर उड्या मारून दोन्ही गुडघ्यांत काही उरलं नव्हतं. चढताना त्या कठड्याला धरून कशातरी चढायच्या, पण उतरताना सरळ उतरता यायचं नाही, म्हणून त्या उलट्या उतरायच्या. तोंड जिन्याकडे, पाठ खाली, आणि एकेक पाऊल चाचपत. इमारतीला याची इतकी सवय झाली होती की वरच्या मजल्यावरचे लोक त्यांच्याशी गप्पा मारत मागोमाग उतरायचे. आम्ही ऑपरेशनचा विषय काढला की त्या नारळ फोडायला घ्यायच्या. शेवटी एका सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या डॉक्टरांकडे चला म्हणाल्या. आधी जास्त बिघडलेला उजवा गुडघा बदलायचं ठरलं.

बातमी वस्तीत पसरायला जेमतेम एक भाजीबाजार पुरला. जो तो भेटून सांगायचा, ताई, काही लागलं तर नुसता फोन करा. ऑपरेशनला कराडकडून त्यांचा धाकटा भाऊ आला. साधा शेतकरी माणूस, बहिणीच्या निम्म्या उंचीचा, आणि तिला आक्का म्हणताना अजून आवाज खाली करणारा. ऑपरेशन नीट झालं. मग जी माणसं लोटली, ती विचारू नका. हॉस्पिटलच्या दारावरचा सुरक्षारक्षक मला म्हणाला, मंत्री येऊन गेले तरी एवढा ताप झाला नव्हता. केळीवाला केळी घेऊन आला, चपलवाला मऊ चप्पल, मंडळाची मुलं पुष्पगुच्छ. शेजारच्या कॉटवरच्या आजींनी मला खुणेनं जवळ बोलावून विचारलं, या बाई निवडणुकीला उभ्या आहेत का?

त्या गर्दीतच डॉक्टर आले आणि घरी गेल्यावर काय करायचं ते सांगायला लागले. दीड महिना चोवीस तास एक जबाबदार माणूस जवळ हवं. उठवायला, बसवायला, दुखलं तरी व्यायाम करून घ्यायला. तशी सोय नसेल तर भावाकडे गावी जाणं बरं. भाऊ लगेच म्हणाला, त्याचं घर आहेच. पण त्याच्या आधी कॉटभोवतीच्या सगळ्या माना एकदम हलल्या होत्या. “आहोत की आम्ही,” सगळे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. भाऊ समाधानानं गावी गेला. ऊसतोडीची टोळी आली होती, त्याला थांबणं शक्य नव्हतं. जाताना एवढंच म्हणाला, की घरी सोडतील त्या दिवशी संध्याकाळी जीप घेऊन येतोच, सोय लागली नसली तर आक्काला घेऊन जातो.

घरी सोडायचा दिवस कामाच्या दिवशी आला. सकाळी ताईंचा मला फोन आला, त्यांचे कॅनव्हासचे बूट हवे होते. त्या मऊ चपलेवर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही मुलींनी धरलं होतं की मंडळाची गाडी त्यांना आणेल, मी आपली अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून बूट द्यायला गेले.

ताई कॉटच्या कडेला बसल्या होत्या. केस विंचरलेले, पिशव्या भरलेल्या, वॉकर समोर. आजूबाजूला कुणी नव्हतं. इतके दिवस जिथे उभं राहायला जागा नव्हती, तिथे आज एका वॉर्डबॉयनं फरशी पुसून कोरडीही केली होती. सिस्टर येऊन पेशंटबरोबर कोण आहे असं विचारून गेली. येतायत, असं ताईंनी सांगितलं. त्याआधीही तेच सांगितलेलं दिसत होतं, कारण सिस्टरनं मान हलवली नाही.

मी विचारलं, कोण येतंय? त्यांनी फोन उचलून मला दाखवला. मेसेजच मेसेज. मंडळाच्या मुलांना वाटलं होतं इमारतीतले लोक येतील. इमारतीतल्यांना वाटलं मंडळाची गाडी आहे. रविवारच्या बायकांनी, हॉस्पिटलमध्ये गर्दी नको म्हणून आलो नाही, संध्याकाळी घरी येतो, असं कळवलं होतं. प्रत्येकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

“सगळ्यांना वाटलं, ती आहे ना,” ताई म्हणाल्या आणि हसल्या. “यात कुणाचा दोष नाही गं. बॉल असाच पडतो.”

मी म्हटलं, एकाला फोन करा, धावत येईल. त्यांनी फोन उलटा करून उशीवर ठेवला. वाकड्या बोटानं चादरीवरची सुरकुती सारखी केली. मग म्हणाल्या, त्यांना ते येत नाही. दुसऱ्यांचं घेता येतं, पण माझं घ्या म्हणून सांगता येत नाही. आयुष्यात कधी सांगितलं नाही, आता शब्दच सापडत नाहीत. संध्याकाळी भाऊ जीप घेऊन येईल, त्या गावी जातील. फ्लॅटची किल्ली मी ठेवावी, आणि मुलींना सांगावं की सावकाश दुसरी जागा बघा, घाई नाही.

हे सगळं त्यांनी बाजाराची यादी सांगावी तसं सांगितलं. पण आम्हाला दोघींनाही माहीत होतं की एकदा ते घर बंद झालं, एकदा त्या गावी खाली, अंगणाच्या पातळीवर राहायला लागल्या, की ते तीन मजले पुन्हा चढायला त्यांना कुणी देणार नाही. भाऊ प्रेमानं देणार नाही. विश्रांतवाडीत त्यांची आठवण निघेल, हळहळ होईल, आणि फ्लॅट कुणा आयटीतल्या जोडप्याला भाड्यानं जाईल. मला राग आला होता, तो नेमका कुणाचा हे कळेना.

सिस्टर परत आली. “अहो, बरोबर कोण आहे? एकाचं कुणाचं तरी नाव सांगा.”

“माझा!”

मी एवढ्या जोरात ओरडू शकते हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या आजी झोपेतून उठून बसल्या. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“सोड,” त्या म्हणाल्या. “बाहेर चाललाय.”

“लाइनवर आहे, ताई.”

लाइनवर पडला की बॉल आत धरतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. डोळे पुसताना वाकडं बोट नीट पोहोचेना, तेव्हा त्यांनी ओढणीचं टोक घेतलं. मग बूट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाल्या, “मग पाय हलव. उभी काय राहिलीस?”

सिस्टरनं कागद पुढे करून विचारलं, पेशंट तुमच्या कोण लागतात? मी म्हटलं, घरमालकीण. तिनं पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पुण्यातल्या?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं दुसऱ्या सिस्टरला हाक मारून मला दाखवलं.

मी फोन केला तो फक्त त्या नेटपलीकडच्या उडीवाल्या रिक्षावाल्याला. आम्ही इमारतीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत तिथे वस्ती जमली होती. केळीवाला हातगाडी तशीच सोडून आला होता. मंडळाच्या मुलांनी लग्नाच्या हॉलमधली हात असलेली खुर्ची आणली होती. तिच्यात बसवून ताईंना वर नेलं. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दारात उभं राहून ओशाळ्या तोंडानं सांगायचं, अहो ताई, आम्हाला वाटलं की. ताई त्याला वाक्य पुरं करू देत नव्हत्या. “कळलं, कळलं. खुर्चीचा पाय धरा, तो पोरगा दमलाय,” म्हणायच्या, आणि तो माणूस सुटका झाल्यासारखा खुर्चीला लागायचा. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेस्तोवर त्या खुर्चीला एवढे हात लागले होते की दारातून ती आत जाईना.

संध्याकाळी भाऊ आला. आक्काला निजवून न्यायला जीपमध्ये गादी टाकून आणली होती. त्यानं घरातल्या मुली पाहिल्या, जिन्यात बसलेली माणसं पाहिली, चहा घेतला. “म्हंजी आक्का, तू हितंच ऱ्हाणार म्हन की,” एवढंच बोलला. त्याच्या बोलण्यात थोडं वाईट वाटलेलं होतं आणि बरंचसं हायसं वाटलेलं. जाताना गादी ठेवून गेला.

ती गादी कुठे टाकायची यावरून भांडण झालं. ताईंची खोली अंधारी, आणि व्यायामाला उजेड हवा. घरात चांगलं काही घडलं होतं यात वाद नव्हता, म्हणून मी दारात उभी राहून फिरा म्हटलं. ताई म्हणाल्या, त्या आमच्या रोटेशनमध्ये नाहीत. मी म्हटलं, आता आहात. मुलींनी कॉटा कशाही फिरवल्या, काटा उलटाच फिरला म्हणा ना, आणि खिडकीजवळची कॉट ताईंना आली. हा उघडउघड फाउल होता. त्यांनी तो पाहिला आणि शिट्टी वाजवली नाही.

मी घरून काम करायची परवानगी घेतली. मांडीवर लॅपटॉप आणि हातात ताईंची टाच. व्यायामाच्या वेळी त्या कराडी भाषेत जे बोलायच्या ते मी मीटिंगमध्ये आवाज बंद करून लपवायची. पण बाकी त्या गप्प असायच्या. पाणी हवं असलं तर मागायच्या नाहीत, तांब्याकडे बघायच्या. उशी सरकली तर तशाच वाकड्या पडून राहायच्या. आमच्या आपण होऊन लक्षात आलं तर करू द्यायच्या. तोंडून मागायचा शब्द निघत नव्हता, आणि मला त्याचीच काळजी वाटायची, गुडघ्यापेक्षा.

एका रविवारी सगळ्या घरात होतो. एक केस वाळवत होती, एक फोनवर, एक कपडे घड्या घालत होती, मी आणि आणखी एक पेपर वाचत होतो. आत दूध तापत होतं. ते वर आल्याचा तो फसफस आवाज मला ऐकू आला, बाकीच्यांनाही आलाच असणार. कुणी हललं नाही. आम्ही सगळ्या नकळत एकाच गोष्टीची वाट बघत होतो, वर्षानुवर्षं त्या घरात बघत आलो होतो तशी. ताईंनी कॉटवरून तोंड उघडलं. पाय सरळ पट्टीत, हात कॉटच्या कडेला. उठायचा प्रयत्न केला आणि थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू आला.

“तुझा!”

कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कुणाकडे बघूनही म्हणाल्या नव्हत्या. त्यामुळे सगळ्याच धावलो. स्वयंपाकघराचं दार अरुंद. ओले केस, घड्या घातलेले कपडे, पेपर, सगळं एकाच वेळी त्यात अडकलं, कुणाचं कोपर कुणाच्या नाकावर बसलं, आणि तेवढ्या वेळात दूध निवांतपणे उतू जाऊन शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर आलं.

“अगं, एकीनं तरी माझा म्हणायचं,” बाहेरून ताई ओरडत होत्या. हसत होत्या की रडत होत्या ते दारातून दिसत नव्हतं, आणि आम्ही सगळ्या जणी एकच फडकं ओढत फरशी पुसत होतो.